स्वभाव की शुगर?

(श्रावणात आपल्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात एका दांपत्याने मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी आम्हाला ‘आरोग्यावर चार शब्द बोला’ असं सांगितलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटलं होतं. आम्ही दोघंही डॉक्टर नाही. आमच्यापैकी एकीने ३१ वर्षं सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी केली आणि दुसऱ्याने बँकेत खुर्ची झिजवता झिजवता २२ वर्षांपूर्वी मधुमेह मिळवला. म्हणजे एकाला आजार आणि दुसरीला त्याची माहिती, असं आमचं घर. अशा घरात काही चुकायला नको. पण गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी चुकलं, आणि चांगलंच चुकलं. येत्या गणपतीत ते दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये म्हणून आज उभे राहिलो आहोत. दोघं मिळून बोलणार आहोत. मध्येच एकमेकांचं वाक्य तोडलं तर जुनी सवय आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

ज्येष्ठा गौरी पूजनाचा दिवस. आपल्याकडे इंदूरला त्या दिवशी घरात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. सोळा भाज्या, पुरण, आंबील, पंचवीस-तीस पानं. आमच्यापैकी जो मधुमेही आहे त्याने सकाळी आठ वाजता नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं. नेहमीइतकंच. नाश्त्याला मात्र चहा आणि दोन बिस्किटं. कारण ‘आज पुरणपोळी खायचीच आहे, आता कशाला पोट भरायचं?’ हा हिशेब आपण सगळेच करतो. अकरा वाजता एरवी मूठभर फुटाणे किंवा एखादा पेरू असतो, तो त्या गडबडीत कुणाला आठवतोय! मग शिडीवर चढून तोरण बांधणं, माळ्यावरची पितळेची भांडी काढणं, केळीची पानं आणायला दोनदा बाजारात जाणं. रोजचं जेवण एक वाजता. त्या दिवशी गुरुजींना यायलाच दीड वाजला.

दोन वाजल्यापासून हे चिडायला लागले. आधी पानांवरून. पान वाढायचं कसं, टोक कुणीकडे, यावरून जावईबापूंशी शब्दाला शब्द. मग रांगोळीवर कुणाचा तरी पाय पडला म्हणून लहान नातीवर ओरडले. ती रडायला लागली. कपाळावर घाम होता. पण सप्टेंबरचा उकाडा, समया पेटलेल्या, घाम सगळ्यांनाच होता. आरतीला उभे राहिले तर पन्नास वर्षं पाठ असलेल्या आरतीत अडखळले, एक कडवं सोडून भलतंच म्हणायला लागले. पोरं हसली. आमच्यापैकी जी नर्स आहे तिने हे सगळं पाहिलं आणि तिला काय वाटलं? वाटलं, झाला यांचा स्वभाव सुरू! पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून ती हळूच म्हणाली, “अहो, आत जाऊन जरा पडा बघू. पानं घेतली की उठवते.”

इस्पितळात ३१ वर्षं काढलेल्या बाईने हे सांगितलं. मधुमेही माणूस, इन्सुलिन घेतलेला, उपाशी, घामाघूम, बरळतोय, आणि त्याला एकट्याला आतल्या खोलीत झोपायला पाठवायचं! तो खरंच जाऊन झोपला असता तर पानं वाढून होईपर्यंत काय झालं असतं, याचा विचार आम्ही त्यानंतर कितीतरी रात्री केला.

वाचवलं एका चौदा वर्षांच्या मुलाने. आमच्या शेजारीणबाई सवाष्ण म्हणून जेवायला आल्या होत्या, त्यांचा हा मुलगा. त्याला सातव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. आल्या आल्या त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं होतं, “आजी, पानं किती वाजता वाढणार? मला इंजेक्शन त्या हिशेबाने घ्यायचंय.” आम्हाला, खरं सांगतो, ते थोडं आगाऊपणाचं वाटलं होतं. हा मुलगा आरतीत ह्यांच्या शेजारीच उभा होता. त्याने हात धरला, हाताला थरथर होती, तळवा गार आणि ओला. तो म्हणाला, “आजोबा लो झालेत.” आम्ही विचारलं, लो म्हणजे? तर तोवर त्याने आपल्या पिशवीतून यंत्र काढलं होतं. बोट टोचलं. आकडा आला ४८.

आता हा ४८ म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? जेमतेम पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. पोहे-जलेबी खाणाऱ्या गावाला हे खरं वाटत नाही, पण आहे असं. शंभर मिलिलिटर रक्तात साखर साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम असली की उपाशीपोटी ठीक. त्यावरून आपण ‘शुगर शंभर आहे’ म्हणतो. जेवलो की ती वाढते. मग स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं आणि ती साखर स्नायूंत, चरबीत, यकृतात नेऊन ठेवतं. यकृत म्हणजे घरातलं कोठार. दोन जेवणांच्या मधल्या वेळात, रात्री झोपेत, तिथून थोडी थोडी साखर रक्तात सोडली जाते. निरोगी माणसाने एक जेवण सोडलं तरी त्याची साखर कोसळत नाही, ती या कोठारामुळे. आणि ती कोसळू न देणं गरजेचं, कारण मेंदू जवळजवळ सगळा साखरेवर चालतो. दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास त्याला एकट्याला लागते, आणि त्याच्याकडे स्वतःचा म्हणावा असा साठा नसतो.

निरोगी शरीरात जेवण आधी आणि इन्सुलिन त्याच्या मागून, असा क्रम असतो. जेवण नाही आलं तर इन्सुलिनही थांबतं. आमच्या घरी मात्र इन्सुलिन सकाळी आठ वाजता सुईतून आत गेलेलं. आज गुरुजी उशिरा येणार आहेत हे त्याला कोण सांगणार? सकाळी घेतलेल्या मिश्र इन्सुलिनचा लांब चालणारा भाग दुपारच्या जेवणाच्या सुमाराला जोरात असतो. ते आपलं काम वेळेवर करत राहिलं. उचलायला साखर नाही, वरून शिडीचे आणि बाजाराचे कष्ट. स्नायूंनीही ओढून घेतली. राहिली ४८.

७० च्या खाली गेली की तिला कमी म्हणायचं, आणि ५४ च्या खाली म्हणजे तातडीची. सुरुवातीला शरीर हाका मारतं: घाम, छातीत धडधड, हात कापणं, कडकडून भूक, ओठांभोवती मुंग्या. त्या हाका ऐकल्या नाहीत तर मग मेंदू उपाशी पडतो: चिडचिड, हट्ट, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, पिणाऱ्यासारखा तोल जाणं, शेवटी बेशुद्धी, झटके. या दुसऱ्या टप्प्याची गंमत म्हणा की दुर्दैव, की त्या माणसाला स्वतःला आपलं काही बिघडलंय हे कळत नाही. तो म्हणतो, मी ठीक आहे, तुम्हीच मला त्रास देताय. आमच्यापैकी एकाला आजही तो दीड तास आठवत नाही. नातीवर ओरडलो हे त्याला नंतर सांगितल्यावर कळलं.

आणखी एक. ज्याला मधुमेह पुष्कळ वर्षांचा आहे किंवा ज्याची साखर वरचेवर कमी होते, त्याच्या शरीराच्या त्या पहिल्या हाका मंदावत जातात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी धडधड आणि कापरं झाकलं जातं, घाम तेवढा राहतो. म्हणून मधुमेही माणूस अवेळी चिडला तर आधी बोट टोचा, भांडण नंतर. भांडण कुठे पळून जात नाही. आमच्या घरात आता ‘स्वभाव की शुगर?’ हा प्रश्न रोज एकदा तरी विचारला जातो. दर वेळी शुगर निघत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तर ४८ पाहिल्यावर काय झालं ते ऐका. कुणीतरी पेढा आणला. कुणी म्हणालं, पुरणपोळी द्या पटकन, तूप घालून. आमच्या एका वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, “अजून नैवेद्य दाखवायचाय, आधी कसं खायचं?” तेव्हा कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या आमच्या आई, वय वर्षं ८४, त्या बोलल्या, “महालक्ष्म्या जेवतील मागाहून. आधी त्याला दे.” त्यापुढे कुणी बोललं नाही.

पण त्या मुलाने पेढा देऊ दिला नाही, पोळीही नाही. म्हणाला, तूप-खवा असलं की साखर रक्तात जायला वेळ लागतो. त्याने आपल्याजवळची ग्लुकोजची पूड तीन चमचे पाण्यात ढवळून दिली आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा तीन चमचे. आणखी पंधरा मिनिटांनी ९४. मग म्हणाला, आता जेवा.

एवढंच आहे ते. साधारण १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, ७० च्या वर गेली नसेल तर पुन्हा तेवढीच. तीन चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोजची पूड, किंवा अर्धा कप फळाचा रस. घरात यंत्र नसेल आणि लक्षणं दिसत असतील तर मोजण्यासाठी थांबू नका, आधी साखर द्या. साखर बरी झाल्यावर पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर पोळी-भाजी, दूध-पोहे असं काहीतरी पोटात हवं, नाहीतर ती पुन्हा घसरते. मोदक, लाडू, चॉकलेट ही या वेळची औषधं नव्हेत. चहासाठी आणलेली बिनसाखरेची गोळी तर अजिबात नाही. हसू नका, आमच्या ओळखीच्या एका घरात हीच गोळी घालून सरबत दिलं होतं!

इथे एक बारकावा आहे, तो फार लोकांना ठाऊक नसतो. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस नावाची गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला देतात. तुमच्या चिठ्ठीवर आहे का ते आज घरी जाऊन बघा. ती आतड्यात साध्या साखरेचं विघटन लांबवते. त्यामुळे ती गोळी घेणाऱ्याची साखर कमी झाली तर चहाची साखर उशिरा उपयोगी पडते. त्याला ग्लुकोजचीच पूड लागते. म्हणून आम्ही सांगतो की सरसकट सगळ्यांनीच घरात ग्लुकोजचा पुडा ठेवा. भारी किमतीची वस्तू नाही ती.

आणि माणूस बेशुद्ध असेल, किंवा नीट गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, तीर्थसुद्धा नाही. ते श्वासनळीत जातं. एका कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा. ग्लुकागॉन नावाचं इंजेक्शन मिळतं, डॉक्टरांनी ते घरी ठेवायला सांगितलं असेल तर ते द्यायचं. इन्सुलिन मात्र चुकूनही द्यायचं नाही. ‘शुगरचा पेशंट आहे ना, मग इन्सुलिन द्या’ असं म्हणणारे शहाणे प्रत्येक गर्दीत असतात.

गोळ्यांवर असणाऱ्यांनी आपल्याला हे लागू नाही असं समजू नये. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या जेवण असो-नसो इन्सुलिन बाहेर काढतच राहतात. त्यांनी उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, वयस्क माणसात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणून अशा माणसाला साखरेचं पाणी पाजून ‘झालं बरं’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा, रात्री कुणीतरी जवळ झोपा.

आता दिवसाचा उरलेला अर्धा भाग. जेवायला बसलो सव्वातीनला. सगळे घाबरलेले. ज्याला त्याला वाटत होतं की यांना भरपूर खायला घालायला हवं. जावईबापूंनी, ज्यांच्याशी तासापूर्वी भांडण झालं होतं, त्यांनी स्वतः दोन पोळ्या वाढल्या. वर भात, वर खीर. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ऐकलं, त्यांनीही प्रेमाने हातावर काही काही ठेवलं. रात्री दहाला मोजली तर ३९०! मग लक्षात आलं की बोटांना पुरण लागलेलं होतं. हात साबणाने धुऊन, पुसून पुन्हा मोजली: ३१८. बोटावर गोडाचा कण असला तरी यंत्र त्याचीही साखर मोजतं. सणाच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे.

३१८ काही समाधानाचा आकडा नव्हताच. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, रात्रीच्या नेहमीच्या इन्सुलिनवर आणखी दहा युनिट ठोकतो. दुसरी म्हणाली, हात लावाल तर याद राखा. रात्री अंदाजाने जास्तीचं इन्सुलिन घ्यायचं, झोपायचं आणि पहाटे तीन वाजता पुन्हा ४८ वर यायचं, त्या वेळी ओळखायला तो मुलगा नसतो. झोपेत साखर उतरते तेव्हा उशी घामाने भिजते, भयानक स्वप्नं पडतात, सकाळी डोकं जड असतं, आणि माणूस म्हणतो झोप नीट लागली नाही. आम्ही त्या रात्री डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे पाणी प्यायलो, नेहमीचाच डोस घेतला, तीनचा गजर लावून मोजली. तेव्हा २१० होती. सकाळी १६०.

साखर वाढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकायला बघतं, सोबत पाणीही जातं. म्हणून तहान, सारखं उठावं लागणं, कोरडं तोंड, धूसर दिसणं, थकवा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या दोन तासांच्या चाचणीत २०० किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी साडेसहा टक्के किंवा वर आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच निघाली, तर मधुमेह म्हणतात. पण आमच्यासारख्या आधीच मधुमेह असलेल्यांनी विसरू नये अशी गोष्ट म्हणजे वाढलेली साखर दोन तऱ्हांनी मारते. एक तऱ्हा सावकाश, वर्षानुवर्षं, न दुखता: डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा, हृदय. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या बघायला आपण रात्रभर रस्त्यावर असतो. नवस म्हणून अनवाणी चालणारे मधुमेही आम्ही दर वर्षी बघतो. तळव्याला बधिरपणा आलेला असतो, काच गेली तरी कळत नाही, आणि आठ दिवसांनी मोजा ओला का झाला म्हणून बघतात तेव्हा जखम कुजलेली असते. गणपतीला चपला घालून आलेला भक्तही चालत असावा.

दुसरी तऱ्हा झपाट्याची. ताप, उलट्या, जुलाब, अशा आजारपणात जेवण नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद केलं जातं आणि साखर ४००, ५०० कडे जाते. आजारपणात अंगातली बाकीची संप्रेरकं साखर वाढवत असतात, त्यामुळे पोटात काही नसतानाही ती चढते. श्वास खोल आणि जोरात, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, पोटदुखी, गुंगी, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय नकोत, सरळ इस्पितळ. आजारपणात साखर दोनदा मोजूनही २५० च्या वरच राहत असेल तर डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका, टाइप १ असेल तर मुळीच नाही.

हे झालं शास्त्र. पण त्या दिवसाचा खरा दोष ना गुरुजींच्या उशिराचा होता ना पुरणपोळीचा. आमच्या घरात जमलेल्या तीस माणसांपैकी फक्त दोघांना ठाऊक होतं की हे इन्सुलिन घेतात. आम्ही दोघं. सहा वर्षं इन्सुलिन चालू होतं आणि जावयाला माहीत नव्हतं, सख्ख्या भावाला माहीत नव्हतं. न्हाणीघरात कडी लावून सुई टोचायची, पेन कपाटात धोतरांच्या मागे. का? तर ‘इन्सुलिन लागलं म्हणजे शेवट आला’ असं लोक म्हणतात. मुलीच्या सासरी काय वाटेल? भिशीत, भजनी मंडळात दया दाखवतील. गोड नको म्हणताना ‘जरा दाताचं दुखणं आहे’ असं सांगायचं. कित्येकदा तर न सांगता खाऊन टाकायचं.

त्या मुलाच्या आईने नंतर आम्हाला विचारलं, “काका, तुम्ही सांगितलं असतंत तर मी पानं आधीच घेतली नसती का?” आमच्याकडे उत्तर नव्हतं.

इन्सुलिन म्हणजे शेवट, ही समजूत कुठून आली ठाऊक नाही, पण इतिहास नेमका उलट आहे. १९२१ साली कॅनडात टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत ते वेगळं काढलं. त्याआधी ज्या मुलांना टाइप १ मधुमेह व्हायचा त्यांना डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढीच काही महिन्यांची मुदत वाढायची. जानेवारी १९२२ मध्ये पहिलं इन्सुलिन मिळालं ते लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या मुलाला. पहिलं इंजेक्शन अशुद्ध होतं, फारसं लागू पडलं नाही. कॉलिप यांनी ते शुद्ध केलं, बारा दिवसांनी दुसरं दिलं आणि मुलगा सावरला. पुढे तेरा वर्षं जगला. त्या वेळी त्याचं वय होतं चौदा. आमच्याकडे आरतीत उभा होता त्याच्याएवढा. टाइप २ मध्येसुद्धा वीसेक वर्षांनी स्वादुपिंड दमतं, मग बाहेरून द्यावं लागतं. चाळिशीनंतर चष्मा लागला म्हणून आपण न्हाणीघरात जाऊन पेपर वाचतो का?

आणि लपवायचं तरी कुणापासून? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात देशात दहा कोटींवर मधुमेही निघाले, प्रौढांमध्ये शंभरात अकरांहून जास्त. गोव्यात तर शंभरात सव्वीस, देशात सर्वांत जास्त. या सभागृहात आता दीडशे माणसं तरी असतील. हिशेब तुम्हीच करा.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते थोडक्यात सांगतो. सणाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन विचारतो: या दिवशी जेवण उशिरा होईल, डोस काय करू? त्यांनी आम्हाला दिलेला आकडा तुम्हाला सांगणार नाही, तो आमच्या शरीराचा आहे. हरतालिकेचा निर्जळी उपवास करणाऱ्या मधुमेही भगिनींनी तर हा प्रश्न विचारल्याशिवाय उपवास धरूच नये. काही नव्या गोळ्या, ज्या लघवीवाटे साखर काढतात, त्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उपवास मोडला आणि वर वाटीभर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे सकाळी खाली आणि संध्याकाळी वर, आमच्या त्या दिवसाची छोटी आवृत्ती. एचबीए१सीवर विसंबू नका. ४८ आणि ३१८ ची सरासरी काढली तर १८३ येते, कागदावर त्यात काही भयंकर दिसत नाही. आमच्या वयाला डॉक्टर ती सातच्या खाली आणायचा हट्ट धरत नाहीत, साडेसात-आठ चालेल म्हणतात, पण खाली कोसळू नका म्हणतात.

सणाच्या दिवशीही सकाळचा नाश्ता पूर्ण. अकराचे फुटाणे खिशात. स्कूटर काढण्याआधी बोट टोचायचं. नैवेद्याचं पान आता साडेबाराला तयार असतं. गुरुजींना दुसरीकडून यायला उशीर होणार असेल तर आमच्या आई म्हणतात, “मोबाइलवर लावा, मी सांगते काय करायचं ते.” आणि इन्सुलिन दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. पहिल्यांदा घेतलं तेव्हा लहान नात जवळ येऊन बघत बसली. तिने विचारलं, “आजोबा, हे घेतलं की तुम्ही ओरडणार नाही ना?” तिला अजून उलटसुलट कळलंय, पण हळूहळू समजावू.

कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे. गेल्या तीन वर्षांत आपला महाप्रसाद पत्रिकेत एकला छापला होता आणि पंगत बसली अडीचला, पावणेतीनला. कुणावर दोष नाही, आम्हीही वाढपी होतो. पण मधुमेही माणूस पत्रिकेतली वेळ बघून गोळी घेतो. या वर्षी जी वेळ छापाल ती पाळा, आणि पाळणं शक्य नसेल तर खरी वेळ छापा. प्रमुख पाहुण्यांची भाषणं पंगतीनंतर ठेवा. दुसरं, आरतीच्या तबकाशेजारी एका डब्यात ग्लुकोजचा पुडा, चमचा आणि पाण्याची बाटली. डबा आणि पुडा आम्ही आणलाच आहे, तो सचिवांकडे देतो. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, कुलूप नाही. स्वयंसेवकांपैकी चार-पाच जणांनी आज थांबून यंत्र वापरायला शिकावं. शिकवायला आम्ही नाही, तो शेजारचा मुलगा आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला आता पंधरावं लागलंय आणि त्याची फी म्हणजे एक वडापाव, त्याच्या इंजेक्शनच्या वेळेनुसार.

ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी खुशाल इथे सगळ्यांसमोर विचारा. कुणाला एकट्याने बोलायचं असेल तरी आम्ही बाहेर पायरीवर थांबतो. फक्त सव्वाआठपर्यंत. साडेआठला आमच्यापैकी एकाचं जेवण असतं.